आजीच्या डब्यातले राणीछाप रुपये: खरे-खोटे ओळखायचे कसे आणि विकायचे कसे

आजी गेल्यावर तिचं फडताळ आवरताना पितळेचा एक डबा निघाला, आत मलमलच्या फडक्यात बांधलेली ४७ नाणी. लक्ष्मीपूजनाला दरवर्षी त्यातली पाच-सहाच बाहेर यायची, बाकीची आम्ही कुणी कधी पाहिलीच नव्हती. चुलत भाऊ म्हणाला चल सराफाकडे, आजचा भाव चांगला आहे, आणि आम्ही तसेच उठून गेलो, हीच पहिली चूक. सराफाने सगळी नाणी एकत्र काट्यावर टाकली, "जुनी चांदी आहे, साठ टक्केच धरतो" म्हणाला आणि एक आकडा सांगितला. आत्याने फडकं परत बांधलं म्हणून वाचलो. कारण ते साठ टक्के साफ चुकीचं होतं, आणि त्या ढिगात एक नाणं असं होतं की ते मोडीत गेलं असतं तर आज मला हे लिहितानाही वाईट वाटलं असतं.

तर सांगायचं एवढंच की डबा मिळाला की आधी घरात चार संध्याकाळी बसा, दुकानात नंतर जा. कसं बसायचं ते खाली सांगते.

आधी हात आवरा: घासू नका

आपल्याकडे चांदी काळी दिसली की हात शिवशिवतात. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काही ना काही लावून लख्ख करायची सवय. नाण्याला हे अजिबात करायचं नाही. तो काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने चांदीवर धरलेला पातळ थर, आणि संग्राहकाला तोच हवा असतो, कारण नाणं कुणी छेडलेलं नाही हे त्यावरून कळतं. घासलं की वरची चांदी थोडी निघते, नजरेला न दिसणारे हजारो ओरखडे पडतात, आणि भिंगाखाली ते लगेच कळतात. आमच्याकडे पूजेला निघणारी जी नाणी होती ती वर्षानुवर्षं घासून इतकी गुळगुळीत झालेली की राणीच्या केसांच्या बटा पार सपाट, आणि फडक्यात पडून राहिलेली काळीकुट्ट नाणी मात्र एकदम तीक्ष्ण. डीलरने काळी आधी उचलली.

फार तर हळदीकुंकू किंवा माती चिकटलेली असेल तर साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा आणि मऊ फडक्यावर न चोळता निथळू द्या. धरताना कडेने धरा, बोट चेहऱ्यावर टेकवू नका. आणि मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्या पीव्हीसीने काही महिन्यांत हिरवा चिकट थर येतो. कागदी पुठ्ठ्याचे चौकोनी कॉइन होल्डर मिळतात मायलरची (पारदर्शक फिल्मची) खिडकी असलेले, ते स्वस्त असतात, तेच घ्या.

ढीग पाडा

टेबलावर पांढरी चादर टाका, वर चांगला लाइट, हातात दहा पट मोठं दाखवणारं भिंग, आणि राजा-राणी बघून ढीग पाडा. महाराष्ट्रातल्या घरांत जे निघतं ते साधारण असं असतं.

सगळ्यात जुना कंपनी सरकारचा रुपया, १८३५ सालचा, चौथ्या विल्यमचा, मागे ईस्ट इंडिया कंपनी असं इंग्रजीत लिहिलेलं. मग १८४० ची व्हिक्टोरिया. मग १८६२ ची, ही तर खूपच निघतात, कारण १८६२ हे साल पुढे बरीच वर्षं तसंच ठेवून रुपये पाडत राहिले आणि सालाखालच्या बारीक ठिपक्यांवरून पाडायची वेळ वेगळी ओळखायची पद्धत होती. म्हणून १८६२ दिसलं की ठिपके मोजा, काही ठिपक्यांच्या जोड्या कमी मिळतात आणि त्याला वेगळी किंमत येते. १८७७ पासून राणीच्या नावापुढे एम्प्रेस येतं, ते १९०१ पर्यंत. हे सगळे आपले राणीछाप.

मग सातवा एडवर्ड, १९०३ ते १९१०, डोक्यावर मुकुट नाही, टक्कल दिसतं. मग पाचवा जॉर्ज, १९११ ते १९२२. आणि सहावा जॉर्ज, १९३८ पासून पुढे.

अधेली, पावली, चवली निघाली तर त्यांचा वेगळा ढीग. चांदीची अधेली ५.८३ ग्रॅम, पावली २.९२, आणि चवली १.४६ ग्रॅमची, ती तर इतकी लहान की फडक्याच्या घडीत राहून जाते, झटकून बघा.

आमच्या ४७ मध्ये २१ राणीछाप, ६ एडवर्ड, १२ पाचवा जॉर्ज, ५ सहावा जॉर्ज, आणि उरलेल्या तीनमध्ये एक निजामाचा रुपया, एक १९४७ चा रुपया आणि एक राम दरबाराचं नाणं. त्या तिघांची गोष्ट पुढे येईल.

वजन आणि पाणी

आता खरं काम. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा पॉकेट काटा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो, तो घ्याच. ब्रिटिश रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. वापरून झिजलेला ११.४ किंवा ११.३ भरू शकतो, त्यात घाबरायचं काही नाही. पण १०.२ भरला किंवा उलट १२ च्या वर गेला तर बाजूला काढा.

चांदी किती, तर १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के. म्हणजे एका रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. साठ टक्के वगैरे काही नाही, हा आकडा पाठ करून जा. १९४० ते १९४५ च्या रुपयात मात्र युद्धामुळे चांदी निम्म्यावर आणली, ५० टक्के, म्हणजे ५.८३ ग्रॅम. वजन दोघांचं सारखंच असतं म्हणून नुसत्या काट्यावर फरक कळत नाही, साल बघावं लागतं. आणि १९४७ चा मागे वाघ असलेला रुपया चांदीचा नाहीच, निकेलचा आहे, लोहचुंबक लावा, टपकन चिकटतो. आमच्या आत्याने तो इतकी वर्षं चांदीचा म्हणून जपला होता. तसंच १९६४ चा नेहरूंचा रुपया आणि १९६९ चा गांधीजींचा रुपयाही निकेलचाच, पण १९६९ चा गांधीजींचा दहा रुपयांचा मोठा शिक्का चांदीचा आहे, १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी.

आता पाण्याची टेस्ट, जी मला सगळ्यात जास्त आवडली कारण घरात बसून पाच मिनिटांत होते आणि नाण्याला ओरखडाही पडत नाही. काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला प्लॅस्टिकचा छोटा ग्लास ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला शिवणाचा दोरा बांधा आणि दोरा हातात धरून नाणं पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, हवेचा बुडबुडा चिकटला असेल तर हलकं हलवून काढा. आता काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ११.६६ चा खरा रुपया पाण्यात साधारण १.१३ दाखवतो, भागाकार १०.३ च्या जवळ. निम्म्या चांदीचा १.२२ दाखवतो. जर्मन सिल्व्हरवर (नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते) मुलामा दिलेलं असेल तर १.३० च्या पुढे जातं. हात थरथरला की आकडा हलतो म्हणून तीन वेळा करा आणि मधला धरा. मी जेवणाच्या टेबलावर ४४ ब्रिटिश रुपये एका रविवारी असे तपासले, आणि आमच्याकडचा निजामाचा रुपयाही.

त्यावरून सांगते, निजामाचा चारमिनारवाला हाली रुपया (हैदराबाद संस्थानचं चलन) वजनाला ११.१८ ग्रॅम आणि त्यातल्या जुन्यांत चांदी ८१.८ टक्के, म्हणजे कमी भरला म्हणून खोटा नाही, तो असाच असतो. मराठवाड्यातल्या घरांत हे खूप निघतात आणि "हलका आहे, बनावट असेल" म्हणून मोडीत जातात.

नाणं वाजवून बघायची पद्धत तर सगळ्यांना माहिती, खणखणीत वाजलं पाहिजे. पण फरशीवर आपटू नका. बोटाच्या टोकावर तोलून धरा आणि पेन्सिलीने कडेवर हलकेच टिचकी द्या, चांदीचा आवाज लांब आणि गोड येतो, शिसं मिसळलेल्या धातूचा बद्द येतो. फक्त, खऱ्या नाण्याला बारीक तडा असला तरी आवाज बद्द येतो, म्हणून एकट्या आवाजावर निकाल देऊ नका.

भिंगाखाली काय बघायचं

ओतीव नकल असेल तर अक्षरांच्या कडा गोलसर, साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या, आणि मैदानात, म्हणजे नाण्याच्या मोकळ्या सपाट भागात, बारीक खड्डे दिसतात. कडा बघा, ओतीव नाण्याला कडेवर जोडाची बारीक रेघ राहते, किंवा ती घासून काढल्याची खूण. खऱ्या रुपयाच्या कडेवर उभ्या रेघा एकसारख्या आणि सरळ असतात.

पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावर एक छोटा हत्ती आहे, छातीजवळ, हारात. १९११ च्या रुपयावर त्या हत्तीची सोंड इतकी आखूड आली की तो डुकरासारखा दिसायला लागला, लोकांत नाराजी झाली, विशेषतः मुसलमान समाजात, आणि सरकारने ते रुपये थांबवले, १९१२ पासून हत्ती नीट केला. म्हणून १९११ चा रुपया चांगल्या स्थितीत असेल तर चांदीच्या भावापेक्षा कितीतरी जास्त जातो. आमच्या बारा पाचव्या जॉर्जमध्ये नेमका एक १९११ चा होता, काळा पडलेला, आणि त्या हत्तीच्या पायाच्या रेषासुद्धा दिसत होत्या. हाच तो सराफाच्या काट्यावर पडलेला.

उलट १९१७, १९१८ चे रुपये बक्कळ. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी ओढ लागली की १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटिशांमार्फत हिंदुस्थानच्या टांकसाळीत आली. तुमच्या हातातला १९१८-१९ चा रुपया कदाचित कधी काळी डॉलर असेल! पण बाजारात तो साधारण चांदीच्याच भावाला जातो, ते मान्य करावं लागतं.

टांकसाळ बघायची तर पाचव्या जॉर्जच्या रुपयाच्या मागच्या बाजूला तळाच्या फुलाजवळ बारीक उंच ठिपका असला की मुंबई, नसला की कलकत्ता. एकाच सालात एक टांकसाळ दुर्मिळ आणि दुसरी साधी असं होतं, म्हणून यादीत दोन्ही लिहा.

सगळ्यात जास्त सावध राहायचं ते १९३९ च्या रुपयाबाबत. हा खरोखर दुर्मिळ, आणि म्हणूनच याच्या नकला भरपूर. कुणी सालाच्या आकड्यात फेरफार करतं, कुणी अख्खं नवं पाडतं. इथे कडा उपयोगी पडते, १९४० पासून रुपयाच्या कडेवर रेघांच्या मधोमध खोबणीसारखी सिक्युरिटी एज आली, तशी कडा १९३९ च्या नाण्यावर दिसली तर साल बदललेलं आहे हे नक्की. शेवटचा ९ भिंगातून बघा, आजूबाजूचं मैदान खरवडलेलं आहे का, आकड्याची उंची बाकीच्या तीन आकड्यांसारखीच आहे का.

आणि ते राम दरबाराचं, हनुमानाचं, लक्ष्मीचं, कमळाचं, १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनी असं लिहिलेलं नाणं. कंपनीने असं कुठलंही नाणं पाडलेलं नाही. हे मागाहून बनवलेले टोकन. देवघरात श्रद्धेने ठेवा, पण "हे तांदूळ ओढतं, करोडोंना जातं" असं सांगत कुणी आलं तर दारातूनच परत पाठवा, राइस पुलर नावाने यात लोकांची आयुष्यभराची कमाई बुडालेली आहे.

मराठेशाहीतले हाताने पाडलेले रुपये निघाले, जसे पुण्याकडचे अंकुशी, तर ते स्वतः ठरवायच्या भानगडीत पडू नका. आकार वेडावाकडा, फारसी अक्षरं अर्धी कापलेली, बादशहाचं नाव शाहआलम आणि पाडणारे मराठे, हे सगळं खऱ्याचंच लक्षण आहे, पण त्याची नक्कलही कसबी असते. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं दालन, तिथे खरी नाणी डोळ्यांनी बघून या. एकदा खरं जवळून पाहिलं की खोटं लवकर खटकतं.

विकण्याआधीची कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे पण इथे अडकतात लोक. वारसाने आलेलं म्हणजे सगळ्या वारसांचं, मुलींचाही हक्क आहे, म्हणून आत्या, काका, बहिणी सगळ्यांच्या सहीचा एक साधा संमतीचा कागद करा, सोबत नाण्यांची यादी, वजन आणि फोटो. आम्ही यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली तेव्हा कुठे मनातल्या शंका मिटल्या.

डब्यात, कपाटात, आजीच्या हातून आलेलं वेगळं आणि वाड्याची भिंत पाडताना किंवा शेत नांगरताना सापडलेलं वेगळं. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडलेल्या धनाला १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लागतो, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. ते गुपचूप विकू नका.

शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं. देशात विकता येतं, पण परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे पाचव्या जॉर्जपर्यंतचे सगळे चांदीचे रुपये आता यात आले. अमेरिकेतला भाऊ म्हणाला मला चार पाठव, इथे ग्रेडिंग (नाण्याची स्थिती तपासून दर्जा ठरवणं) करून घेतो, तर नाही पाठवायचे, सामानात टाकूनही नाही. आणि अशा नाण्यांचा धंदा करणाऱ्याकडे पुरातत्त्व खात्याचं लायसन्स लागतं, ते विचारायला लाजू नका.

दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायची नाही, आयकर कायदा तसा आहे, बँकेतूनच घ्या. वारसा मिळाला म्हणून कर नाही पण विकून झालेल्या फायद्यावर लागू शकतो, एकदा सीएला यादी दाखवा.

कुणाला विकायचं

तीन वाटा आहेत आणि ढिगाप्रमाणे वाट निवडायची.

झिजलेली, घासलेली, कडी लावलेली, माळेसाठी भोक पाडलेली नाणी ही चांदीच्याच भावाची. त्या दिवसाचा एक ग्रॅमचा भाव गुणिले १०.६९, झिजेचं थोडं वजा, हा तुमचा आकडा. सराफाकडे जायचं तर त्याला मशीनवर टंच (चांदीची शुद्धता) काढायला सांगा, तुमच्यासमोर, आणि कानस मारू देऊ नका. १९४० पासूनची वेगळी तोला. तीन दुकानं फिरा, तिघांचे आकडे वेगळे येतात.

साधी पण चांगली नाणी कॉइन डीलरकडे. मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात, एकाच हॉलमध्ये वीस-पंचवीस टेबलं असतात, तिथे यादी घेऊन फिरा. आधी विकू नका, पहिल्या फेरीत फक्त विचारा. आणि अख्खा डबा टेबलावर ओतू नका, होल्डरमध्ये लावलेली नाणी एकेक दाखवा. आधी तुम्ही किती मागता असं विचारतात, तेव्हा तुम्ही किती द्याल ते सांगा असं म्हणा. कुणी चांगली दोन निवडून बाकीची नको म्हणाला तर त्या दोनच्या किमतीवर परत विचार करा, त्याला काहीतरी दिसलेलं असतं.

खास नाणी लिलावाला. मुंबईत टोडीवाला, बंगळुरूत मरुधर आर्ट्स असे लिलाव करणारे आहेत, त्यांचे कॅटलॉग ऑनलाइन बघता येतात, आणि तुमच्यासारखंच नाणं मागच्या लिलावांत कितीला गेलं तो आकडा हाच खरा बाजारभाव, ओएलएक्सवर कुणी लाखात मागितलेला आकडा नव्हे. तुलना करताना स्थिती सारखी धरा, गालाचं हाड, भुवई, मुकुट, हत्ती, हे उंच भाग किती झिजलेत त्यावर व्हीएफ (चांगलं), एक्सएफ (खूप चांगलं), यूएनसी (न वापरलेलं) अशा पायऱ्या ठरतात आणि एका पायरीत किंमत दुप्पट-तिप्पट होते. नाणं देताना करार वाचा: कमिशन किती, कमीत कमी किंमत कोण ठरवणार, नाही गेलं तर परत पाठवायचा खर्च कुणाचा, पैसे किती दिवसांत. नाणं देताना फोटोसकट पावती घ्या.

फोन आले तर एक लक्षात ठेवा. ऑनलाइन फोटो टाकला की दोन तासांत कुणीतरी "मॅडम, तुमच्या नाण्याचे वीस लाख पास झालेत, फक्त रजिस्ट्रेशनचे अडीच हजार भरा" असा फोन करतो, रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्रसुद्धा पाठवतो. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँकेचा काही संबंध नाही आणि अशा व्यवहारात ती कसलीही फी घेत नाही. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे असं खऱ्या व्यवहारात नसतं. क्यूआर स्कॅन करून पैसे येत नाहीत, जातात. आमच्या शेजारच्या काकांचे असेच आधी अडीच, मग "जीएसटीचे" बारा हजार गेले आणि ते घरात सांगायला महिनाभर कचरत होते.

आमचं असं झालं: घासलेली, झिजलेली आणि निम्म्या चांदीची मिळून सोळा टंच काढून दिली, बाकीची बरीचशी प्रदर्शनात दोन डीलरमध्ये विभागून गेली, १९११ चा रुपया लिलावाला दिला, चार महिने लागले पण तो एकटा साध्या रुपयांच्या कितीतरी पट आला, रक्कम थेट खात्यात आणि पाच वाटे झाले. विकण्याआधी प्रत्येक घराने एकेक राणीछाप ठेवून घेतला. निजामाचा रुपया काकांना हवा होता, त्यांचा जन्म परभणीचा. आत्याने तो वाघाचा निकेलचा रुपयाच मागून घेतला आणि डबा माझ्याकडे आलाय, फडक्यासकट.